गाडीखाली वाकून बघा

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत, गाडी असलेल्या आणि गाडी घेऊ इच्छिणाऱ्या समूहांसाठी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला गाडीच्या शाफ्टवर बोलायला सांगितलंय. विषय ऐकून मागच्या ओळीत दोघी-तिघी हसल्या, ते मला दिसलं. हसायला हरकत नाही. पण एक विचारते. कर्ज काढून गाडी घेताना आपण रंग बघतो, सीटचं कव्हर बघतो, आरसी बुक बघतो, हप्ता किती बसेल ते दहा वेळा मोजतो. इंजिनाची ताकद ज्या लोखंडी दांड्यातून चाकापर्यंत जाते, तो दांडा तुमच्यापैकी किती जणींनी बघितलाय? हात वर करा. दोन हात. बरं, मग आजचं बोलणं बाकीच्यांसाठी.

2017 साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आली. समूहातल्या बाईने गाडी घ्यावी, ती गावाच्या वाटेवर चालवावी, तिला उत्पन्न व्हावं आणि गावाची येण्या-जाण्याची सोय व्हावी, हा तिचा हेतू. त्या योजनेतून म्हणा, बँकेच्या कर्जातून म्हणा, की समूहाच्या अंतर्गत कर्जातून म्हणा, आज आपल्या बायकांच्या नावावर गाड्या आहेत. कुणाची ईको शाळेची पोरं नेते, कुणाचा छोटा हत्ती दूध नेतो, कुणाचा बोलेरो पिकअप रात्री दोनला भाजी भरून मार्केटला निघतो. ही गाडी चार दिवस गॅरेजला उभी राहिली तरी हप्ता काही उभा राहत नाही. तो पाच तारखेला येतोच. आणि गाडी घाटात बंद पडली, तर आत बसलेली पोरं कुणाची असतात? आपलीच.

म्हणून ही तपासणी शिकायची. मेकॅनिक व्हायचं नाही. बिघाड कुठे आहे हे ओळखायचं, तो वेळेवर ओळखायचा आणि गॅरेजवाल्यासमोर उभं राहून नीट बोलता यायला पाहिजे, एवढंच.

आधी शाफ्ट म्हणजे काय ते बघू. इंजिन गोल फिरतं, चाकही गोल फिरतं. पण दोन्ही एका जागी नाहीत. इंजिन गाडीला पक्कं बसवलेलं असतं आणि चाक खड्ड्यात खाली जातं, दगडावर वर उडतं, वळणावर तिरपं होतं. मग मधला दांडा सरळ आणि ताठ ठेवून चालणार नाही, पहिल्याच खड्ड्यात मोडेल. त्याला सांधे लागतात. आपल्या हाताला खांदा, कोपर, मनगट आहे तसे. दांडा सहसा मोडत नाही, त्याचे सांधे झिजतात. गुडघेदुखी असलेल्या बायकांना हे जास्त सांगायला नको.

आता गाड्यांचे दोन प्रकार ध्यानात घ्या. आपली गाडी कोणत्या प्रकारातली हे माहीत नसेल तर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

पहिला प्रकार, पुढच्या चाकांना ताकद देणारी गाडी. ऑल्टो, वॅगन आर, स्विफ्ट या त्यातल्या. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि हा प्रकार आपल्याकडे घरोघरी पोचला. यात इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, आणि गिअरबॉक्सच्या दोन्ही बाजूंनी एकेक आखूड शाफ्ट पुढच्या चाकांकडे जातो. गॅरेजवाले त्याला एक्सल म्हणतात. प्रत्येक शाफ्टला दोन सांधे असतात, चाकाजवळचा बाहेरचा आणि गिअरबॉक्सजवळचा आतला. सांध्यावर रबराची घड्याघड्यांची टोपी असते, पेटीच्या भात्यासारखी. तिला म्हणतात बूट. बुटात काळं ग्रीस भरलेलं असतं.

दुसरा प्रकार, मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी. बोलेरो, पिकअप, छोटा हत्ती, ईको, जुनी ओम्नी, आणि त्याआधीच्या ॲम्बेसेडर आणि पद्मिनीसुद्धा. यात गाडीच्या पोटाखालून एक लांब नळीसारखा शाफ्ट मागच्या एक्सलपर्यंत जातो. हा प्रोपेलर शाफ्ट. त्याचे सांधे उघडे असतात आणि त्यात अधिक चिन्हासारखा लोखंडी तुकडा असतो. त्याला क्रॉस म्हणतात. शाफ्ट लांब असेल तर दोन तुकड्यांत असतो आणि मध्ये रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग असतं.

तपासणीच्या आधी दोन शब्द जिवाचे. हे मी खाली बसून नाही, उभं राहून सांगते.

गाडीसोबत जो छोटा जॅक मिळतो तो चाक बदलायला असतो. त्याच्यावर उचललेल्या गाडीखाली डोकं काय, हातसुद्धा घालायचा नाही. जॅक घसरतो, मातीत रुततो, आणि गाडी सावकाश नाही, एकदम खाली येते. आज मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं गाडी न उचलता होतं. ज्याला उचलावीच लागते ते गॅरेजच्या रॅम्पवर नाहीतर पक्क्या स्टँडवर करून घ्यायचं. विटा रचून त्यावर गाडी ठेवायची नाही. वीट फुटते.

दुसरं, गाडी सपाट जागी, इंजिन बंद, किल्ली आपल्या कनवटीला. किल्ली गाडीत ठेवली आणि कुणा पोराने गंमत म्हणून फिरवली, तर खाली तुम्ही आहात. चाकांना पुढून आणि मागून दगड लावा. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणीचा अंबाडा घाला, गळ्यातलं आत घ्या. शक्य असेल तर एक जण खाली आणि एक जण बाहेर उभी. एकटीने हे काम नको.

आता पुढच्या चाकांची गाडी. सामान काय, तर मोबाइलची बॅटरी, जुना कपडा आणि अंथरायला पोतं.

स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवून गाडी बंद करा. डाव्या चाकाच्या पुढच्या बाजूला वाकून आत उजेड टाका. चाकामागे बूट दिसेल. स्टिअरिंग वळलेलं असल्यामुळे एका बाजूच्या घड्या ताणलेल्या असतात आणि चीर असली तर ती तिथे उघडते. बोटांनी घडीच्या तळाशी दाबून बघा. रबराला वरवर केसासारख्या रेघा पडल्या असतील तर म्हातारपण सुरू झालंय, दर महिन्याला लक्ष ठेवा. बोटाचं नख आत जाईल अशी चीर असेल तर बूट गेला. मग गाडी न्यूट्रलला घेऊन दोघींनी हाताने अर्धं चाक पुढे ढकला, पुन्हा दगड लावा आणि बुटाची दुसरी बाजू बघा. चीर नेमकी वरच्या बाजूला असली तर पहिल्या खेपेला दिसत नाही. हाच प्रकार उजव्या चाकाला.

बूट फाटलाय की नाही हे ओळखायची त्याहून सोपी खूण म्हणजे चाकाची आतली बाजू. फिरताना ग्रीस चिरेतून बाहेर उडतं आणि रिमच्या आत, वरच्या पत्र्यावर, शॉकॲब्सॉर्बरवर काळे शिंतोडे एका रेषेत पडतात. फोडणीचं तेल उडून भिंतीवर पट्टा उठतो ना, तसा. शिंतोडे ओले, चकचकीत असतील तर चीर नवी. त्यावर धूळ बसून वडीसारखा थर झाला असेल तर ती बरीच जुनी, आणि आत माती गेलेली आहे असं धरून चाला.

ही जागा जरा समजून घ्या, कारण पैशाचा सगळा हिशोब इथेच आहे. बाहेरच्या सांध्यात बहुधा सहा पोलादी गोळ्या असतात आणि त्या खाचांमधून घरंगळतात. ग्रीस आणि स्वच्छता असेल तर वर्षानुवर्षं काही होत नाही. बूट फाटला की ग्रीस जातं, आणि त्याच्या जागी पावसाचं पाणी आणि रस्त्याची माती येते. माती आणि उरलेलं ग्रीस मिळून जे तयार होतं ते धार लावायच्या दगडाचं पीठ समजा. गोळ्या आणि खाचा घासत जातात. फाटल्यावर लगेच लक्षात आलं आणि आवाज सुरू झाला नसेल, तर सांधा खोलून, धुऊन, नवं ग्रीस भरून नवा बूट बसवता येतो. खर्च शेकड्यांतला. आवाज सुरू झाल्यावर सांधा नाहीतर अख्खा शाफ्ट बदलायचा. खर्च हजारांतला. रबराच्या एका टोपीकडे वाकून बघायचं की नाही, एवढाच मधला फरक आहे.

बुटाच्या दोन्ही टोकांना पट्ट्या असतात, क्लिपा. त्या ढिल्या झाल्या तरी ग्रीस बाहेर येतं, रबर चांगलं असूनही. काही जण क्लिप तुटली की बाइंडिंग तार नाहीतर सुतळी बांधून देतात. गॅरेज गाठेपर्यंत ठीक. महिनाभर ठेवलीत तर ती रबराला कापते.

शाफ्ट जिथे गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथेही बघा. तिथे ओलं दिसलं तर ते ग्रीस नाही, गिअर ऑइल आहे. बोटावर घेतलंत तर पातळ लागतं. म्हणजे ऑइल सील गेलं. हा शाफ्टचा दोष नाही, पण ऑइल संपत गेलं तर गिअरबॉक्स जातो, तेव्हा वहीत लिहून ठेवा. आपल्याकडे याला आणखी एक कारण असतं. उसाचं पाचट, नायलॉनची दोरी, पोत्याची सुतळी चाकाखालून शाफ्टला गुंडाळली जाते आणि फिरून फिरून सीलला कापते. बाजारच्या आवारातून गाडी आली की खाली एक नजर टाका. दोरी दिसली तर गाडी बंद करून ती उलगडून काढा, ओढून तोडू नका. तुटलेला तुकडा आत राहतो.

आता कानाची तपासणी. मोकळ्या पटांगणात जा, पोरंबाळं, कोंबड्या बाजूला करा. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवा आणि पहिल्या गिअरमध्ये हळू रेस देत गोल फिरा. काच खाली ठेवा, रेडिओ बंद. चाकाच्या बाजूने टक-टक-टक असा वेगाबरोबर वाढणारा आवाज आला तर बाहेरचा सांधा झिजलाय. मग दुसऱ्या बाजूला गोल फिरा. उजवीकडे वळताना आवाज जास्त असेल तर बहुतेक वेळा डाव्या चाकाचा सांधा असतो, आणि डावीकडे वळताना जास्त असेल तर उजव्या चाकाचा. वळणाच्या बाहेरच्या चाकावर भार जास्त येतो म्हणून.

आतल्या सांध्याची तक्रार वेगळी. तो वळणावर नाही, सरळ रस्त्यावर बोलतो. चढाला रेस दिली की गाडी पुढून थरथरते आणि पाय उचलला की थरथर थांबते. असं होत असेल तर आतला सांधा बघायला सांगा.

आणि आता जे शाफ्टचं नाही ते. हे सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं, कारण चुकीच्या दुखण्यावर औषध केलं की पैसा जातो आणि दुखणं राहतं. वेगाबरोबर वाढणारा घूंऽऽ असा एकसुरी आवाज, वळलं की कमी-जास्त होणारा, तो बहुधा चाकाच्या बेअरिंगचा असतो. ठरावीक वेगाला स्टिअरिंग हलतं आणि वेग बदलला की थांबतं, तर आधी चाकाचं बॅलन्सिंग करून घ्या. खड्ड्यात गेल्यावरच खडखड येते ती सस्पेन्शनची. गिअर टाकताना नाहीतर पुढे-मागे करताना एकच ठोका बसतो, तो शाफ्टचा असू शकतो, पण इंजिनाच्या रबरी माउंटिंगचाही असू शकतो. अशा वेळी गॅरेजवाल्याला आपण निदान सांगायचं नाही, लक्षण सांगायचं. डॉक्टरकडे जाऊन आपण ‘मला टायफॉइड झालाय’ म्हणतो का? ‘चार दिवस ताप आहे, संध्याकाळी चढतो’ म्हणतो. तसंच. ‘उजवीकडे पूर्ण वळवून रेस दिली की डाव्या चाकातून टकटक येते’ एवढं नेमकं बोललात की समोरचा माणूस तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलायला लागतो, हे मी स्वतः बघितलंय.

शाफ्ट हाताने हलवून बघतात, तेही सांगते. आतला सांधा आत-बाहेर थोडा सरकतो, तो तसाच बनवलेला असतो. चाक वर-खाली होतं तेव्हा शाफ्टची लांबी कमी-जास्त व्हावी लागते ना. तेव्हा ‘बघा ताई, शाफ्ट किती हलतो’ असं कुणी दाखवलं तर लगेच घाबरू नका. आत-बाहेर सरकणं वेगळं, बाहेरचा सांधा वर-खाली डुगडुगणं वेगळं. डुगडुगणं वाईट.

आता मागच्या चाकांच्या गाड्या. पिकअपवाल्या ताया जरा पुढे या.

गाडी सपाटीला, चारही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, मग गिअर न्यूट्रल. दगड लावल्याशिवाय न्यूट्रल करायचं नाही. आता बाजूने वाकून प्रोपेलर शाफ्ट पकडा. क्रॉसच्या एका बाजूला एक हात, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि धुणं पिळतो तसं उलट्या दिशांना फिरवून बघा. पूर्ण शाफ्ट थोडासा फिरेल, तो मागच्या एक्सलमधल्या दातांचा सैलपणा, तो असतोच. पण तुमचे दोन हात वेगवेगळे हलले, म्हणजे क्रॉसच्या मध्येच सैलपणा जाणवला, तर क्रॉस गेला. मग शाफ्ट वर-खाली ढकलून बघा. तिथेही खेळ नको.

क्रॉसच्या चार टोकांना वाट्या असतात, आणि त्यात सुईसारखी बारीक बेअरिंगं. वाटीच्या कडेला विटकरी रंगाची पूड दिसली तर ग्रीस केव्हाच संपलंय आणि सुया गंजून त्यांचा भुगा झालाय. ही पूड दिसली की हाताला सैलपणा लागो न लागो, क्रॉस बदलायला घ्या. सुरुवातीला गाडी निघताना नुसतं किर्र-किर्र असं चिमणीसारखं वाजतं, मग गिअर बदलला की टण्ण. नंतर वेगात सगळी गाडी पायाखाली थरथरते.

आणि त्याच्या नंतरचं ऐका. क्रॉस चालत्या गाडीत तुटला आणि शाफ्टचं पुढचं टोक खाली पडलं, तर ते रस्त्यात रुतू शकतं. मागचं टोक तुटलं तर सुटा शाफ्ट पोटाखाली आपटत राहतो, आणि तिथे जवळपासच ब्रेकच्या नळ्या असतात, डिझेलच्या नळ्या असतात. काही गाड्यांना शाफ्टखाली लोखंडी कडं असतं, शाफ्ट पडला तर तो अडकून राहावा म्हणून. तुमच्या गाडीला असेल आणि कुणी दुरुस्तीत काढून ठेवलं असेल, तर ते परत लावून घ्या.

ग्रीसिंगचं. क्रॉसवर बारीक निप्पल असतं. आधी ते कापडाने पुसा, नाहीतर वरची माती ग्रीसबरोबर आत जाते. ग्रीसगनने मारत राहा, चारही वाट्यांच्या कडेने नवं ग्रीस डोकावेपर्यंत. तीन वाट्यांतून आलं आणि एकीतून नाही, तर ती वाटी कोरडी आहे. सांगून ती मोकळी करून घ्या. शाफ्टचा जो भाग आत-बाहेर सरकतो, त्यालाही निप्पल असेल तर तिथेही मारा. काही गाड्यांचे क्रॉस बंद असतात, त्यांना निप्पलच नसतं. तिथे शोधत बसू नका. किती किलोमीटरला ग्रीस मारायचं हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, ते पाळा. पण ओढ्याच्या पाण्यातून गाडी गेली, चिखलात रुतली, तर त्या आठवड्यात एकदा जास्तीचं मारून घ्या.

नळीकडे बघा. पोचा आलाय का? दगडावर घासून आलेला छोटा पोचासुद्धा शाफ्टचा तोल बिघडवतो. नळीवर कुठे कुठे लोखंडाच्या छोट्या चकत्या चिकटवलेल्या दिसतील. त्या कचरा नाहीत, तोल साधायला कारखान्यात लावलेल्या असतात. हातोडीने उडवू नका, कुणाला उडवू देऊ नका. नळीवर चिखलाचा गोळा वाळून बसला तरी गाडी थरथरते. पावसाळ्यात थरथर सुरू झाली तर आधी पाणी मारून शाफ्ट धुवा, अर्ध्या वेळा तेवढ्यानेच भागतं. जोडाचे चार बोल्ट बघा. बोल्टाच्या भोवती लोखंड चकाकत असेल तर तो हलतोय, ढिला आहे. सेंटर बेअरिंगचं रबर फाटून शाफ्ट खाली लोंबत नाही ना, तेही बघा.

शाफ्ट खोलावा लागला, तर खोलण्याआधी दोन्ही जोडांवर खूण करायला सांगा. खडूने नको, पुसते. रंगाने नाहीतर छिन्नीच्या टोचणीने. शाफ्ट होता तसाच परत बसला नाही तर नवा क्रॉस घालूनही थरथर येते आणि मग तुम्ही पुन्हा गॅरेजच्या दारात.

रिक्षा आणि ॲपे असलेल्या तायांना वाटेल आपलं काही नाही. तुमच्याही मागच्या दोन चाकांकडे छोटे शाफ्ट जातात आणि त्यांनाही रबरी टोप्या असतात. फाटलेली टोपी, उडालेलं ग्रीस, हे बघणं सगळं तेच.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी थोडं. गाडी बघायला जाताना सकाळी उजेडात जा, समूहातल्या दोघी तरी जा. पैसे देण्याआधी पूर्ण वळवून गोल फिरायची चाचणी स्वतः करा किंवा आपल्या माणसाकडून करून घ्या. ‘जागा नाही’, ‘टायर घासतील’ असं मालक म्हणाला तर गाडी रस्त्यावर घेऊन जागा शोधा. खालच्या बाजूला ताजा काळा रंग मारला असेल तर तो का मारला ते विचारा. एका बाजूचा बूट नवा आणि दुसरा जुना असेल तर त्यात वाईट काही नाही, पण नव्या बुटाच्या आतला सांधा वाजत नाही ना, हे कानाने खात्री करून घ्या. वाजणाऱ्या सांध्यावर नवा बूट चढवून गाडी विकणारे असतात. दोष सापडला म्हणून गाडी सोडलीच पाहिजे असं नाही. दुरुस्तीचा खर्च दोन ठिकाणी विचारा आणि तो किमतीतून कमी करायला लावा.

गॅरेजमध्ये काय बोलायचं? ‘आधी दाखवा, मग खोला.’ फक्त बूट फाटला असताना पूर्ण शाफ्ट बदलायला सांगितला, तर आवाज येतो का ते त्याच्यासमोर फिरून ऐका. बूट बदलताना सांधा धुतला का, आणि बुटाच्या पाकिटातलं काळं ग्रीस भरलं का, ते बघा. डब्यातलं चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस तिथे चालत नाही. चाकाच्या मध्यभागी जो मोठा नट असतो, तो बऱ्याच गाड्यांना काढला की नवाच घालायचा असतो आणि मापाच्या पान्याने ठरावीक जोराने आवळायचा असतो. हातोडीने ठोकून ‘बसला’ म्हणाला तर मान्य करू नका, त्या नटावर चाकाचं बेअरिंग अवलंबून आहे. जुना भाग परत मागा. पावती घ्या आणि ती व्हाऊचरला लावा. पावतीशिवाय दुरुस्तीचा खर्च ग्रामसंघाच्या हिशोबात मांडायला मी तरी विरोध करीन, कुणाला राग आला तरी.

आणि एक शाफ्ट राहिला. तो मोटारीचा नाही, ट्रॅक्टरचा. ट्रॅक्टरच्या मागून मळणीयंत्राला जाणारा. तो मिनिटाला 540 फेरे फिरतो, म्हणजे एका सेकंदात नऊ. पदराचं टोक अडकल्यावर ‘अगं’ म्हणेपर्यंत नऊ वेढे झालेले असतात, हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. त्याच्यावर प्लास्टिकची संरक्षक नळी असते, आणि ग्रीस मारायला अडचण होते म्हणून ती काढून टाकलेली बऱ्याच शेतांत दिसते. मळणीला आपण बायकाच जवळ उभ्या असतो, पेंढ्या देत. नळी नसेल, फुटलेली असेल, तर त्या यंत्रावर कामाला उभं राहायचं नाही. मजुरीचं काम असो की घरचं. आणि चालू शाफ्ट ओलांडायचा नाही, कितीही घाई असली तरी. हा ठराव आपल्या प्रभागसंघाने करावा, अशी माझी सूचना आहे. अध्यक्षताई, तो आजच्या इतिवृत्तात घ्या.

बैठकीत दोन प्रश्न आले, त्यांची उत्तरंही इथे देते.

एका ताईने विचारलं, ऑल्टोचा एकच शाफ्ट तुटला तर दुसऱ्या चाकावर गाडी घरापर्यंत येईल का? नाही येणार. दोन चाकांमध्ये ताकद वाटणारा जो भाग असतो, त्यातून सगळी ताकद तुटलेल्या बाजूने निसटते आणि चांगलं चाकही फिरत नाही. इंजिन नुसतं ओरडतं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, शाफ्ट तुटलेला असताना गाडी गिअरमध्ये ठेवली तरी ती उतारावर थांबत नाही. गिअर आणि चाकाचा संबंधच तुटलेला असतो. पायाचा ब्रेक दाबून ठेवा, हँडब्रेक ओढा, सोबतच्या माणसाला चाकांना दगड लावायला सांगा, आणि मगच ब्रेकवरून पाय काढा.

दुसऱ्या ताईने विचारलं, बॅटरीच्या गाडीला हे सगळं असतं का? चारचाकी बॅटरीच्या गाडीत इंजिन नाही, इंजिन ऑइल नाही, पण मोटर ते चाक शाफ्ट आहेच, बूट आहे, ग्रीस आहे. शिवाय बॅटरीची मोटर उभ्या गाडीतून एकदम जोर देते, त्यामुळे सांध्यांवर भार येतो. बघायची पद्धत तीच.

प्रत्येक गाडीसाठी एक दोनशे पानी वही घाला. तारीख, किलोमीटर, डावा बूट, उजवा बूट, आवाज, क्रॉस, ग्रीस, बोल्ट, कोणी बघितलं, सही. महिन्यातून एकदा, समूहाच्या बैठकीच्या दिवशीच, म्हणजे विसरायला होत नाही. पुढच्या महिन्याच्या बैठकीला गाडीवाल्या तायांनी गाड्या घेऊनच यायचं. ग्रामपंचायतीसमोरचं पटांगण सपाट आहे, तिथे सगळ्या गाड्या आपण मिळून बघू. येताना पोतं, जुना कपडा, चाकाला लावायला चार मोठे दगड आणि गाडीचं पुस्तक आणा. ग्रीसगन मी आणते.